सहाव्या प्रकरणातला जेसीबी

साहेबराव आबांनी मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एकतीस वर्षं माल पाहिला. शेतकऱ्याचं पोतं उतरलं की त्यात पोकळ लोखंडी नळी खुपसायची, मधला दाणा तळहातावर घ्यायचा, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि सांगायचं, "ओल हाय," नाहीतर, "काडीकचरा लई हाय." पोत्याच्या तोंडाशी असलेला माल आबांनी कधी पाहिला नाही. तो दाखवण्यासाठीच ठेवलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. काम सोडून गावी परतल्याला सहा वर्षं झाली, पण सवय सुटली नव्हती. लग्नाच्या पंगतीत वाढप्या आला की आबा सांगत, "भात खालून घाल."

अशा माणसाकडे गावानं पोरांचं वाचन तपासायला दिलं, यात गावाची चूक फार नव्हती.

झालं असं की शाळेतल्या दीपमाला मॅडमनी चौथी-पाचवीच्या एकोणीस लेकरांना एक कादंबरी वाचायला लावली होती. तीन भावंडं आणि त्यांचं एक गाढव, अशी गोष्ट. प्रती तीनच होत्या, त्या घरोघर फिरत. प्रकरण संपलं की लेकरानं ते घरी सांगायचं आणि पालकानं कार्डावर सही करायची. पहिल्या पाच प्रकरणांची कार्डं बिनचूक भरून आली. इतकी बिनचूक, की मॅडमना शंका आली. चांगुणाबाई रेशनच्या दुकानात अंगठा लावतात. नातवाच्या कार्डावर मात्र त्यांची लफ्फेदार सही होती आणि खाली दोन टिंबं देऊन रेघही मारलेली होती.

मॅडमनी विषय शाळा समितीपुढे ठेवला. सहावं प्रकरण गावातल्याच कोणीतरी शनिवारी शाळेत येऊन, लेकरांना समोर बसवून तपासावं. आमच्या समितीची रीत अशी, की काम निघालं की आधी सगळे जमिनीकडे बघतात आणि मग ज्याला कुठं जायचं नाही त्याच्याकडे. आबांना कुठं जायचं नव्हतं.

"माल तपासायचा, एवढंच ना?" आबा म्हणाले.

या तपासणीला बक्षीस मोठं होतं. जालन्याला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. रविवारी मॅडम तिकडं जीप नेणार होत्या. मॅडम आणि ड्रायव्हर सोडून जीपमध्ये आठ लेकरं बसत होती. जो पास होईल तो जीपमध्ये, आणि जो जीपमध्ये त्याला प्रदर्शनातलं एक पुस्तक, स्वतः निवडलेलं, कायमचं. आबांची नात आकांक्षा पाचवीत होती. तिच्याकडे आजवर जितकी पुस्तकं आली तितकी वर्ष संपल्यावर शाळेत परत गेली होती. तिनं सोमवारपासूनच दप्तराच्या एका कप्प्यातली वह्या-पेन्सिली काढून तो रिकामा ठेवला होता.

तीनपैकी एक प्रत मॅडमनी सोमवारीच आबांच्या हातात दिली. "आबा, तेवढं सहावं प्रकरण वाचून ठेवा."

"बिलकुल," आबा म्हणाले.

त्यांनी पुस्तक टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं. मंगळवारी काढलंही. आबांना वाचता येतं. मोंढ्याचे भाव, पेपरातले मथळे आणि लग्नपत्रिकेतली सगळी नावं ते रोज वाचतात. पण या पुस्तकाच्या अख्ख्या पानावर एकही आकडा नव्हता. नुसती अक्षरं, या काठापासून त्या काठापर्यंत. आबांनी ते पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. सोयाबीन तपासायला ते आपण पेरलेलं असावं लागत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

शनिवारपर्यंत पुस्तक कपाटावरच होतं, असं आबा समजत होते. खरं म्हणजे आबा बघत तेव्हाच ते तिथं असायचं. बाकीचा वेळ ते आकांक्षाकडे होतं. तिनं सहावं प्रकरण तीनदा वाचलं आणि टॉवेलाची घडी दर वेळी होती तशी घातली.

शनिवारी सकाळी शाळेत एकोणीस लेकरं आणि नऊ मोठी माणसं जमली. नवांपैकी पाच जण चहा मिळेल म्हणून आले होते. दोघं त्या पाचांना शोधायला आले होते. आठवा मच्छिंद्र, याची शालू चौथीत. गावातला एकमेव जेसीबी त्याचा. तो त्यानं शाळेच्या खिडकीसमोर, लिंबाखाली उभा केला होता. नवव्या पुष्पाबाई, त्या खिचडी शिजवायला रोजच असतात. मॅडम ओळख करून देऊन बाहेर गेल्या. उपस्थितीचा फोटो वर चढवायचा होता आणि मोबाईलला रेंज फक्त फाटकाशी येत होती.

आबा खुर्चीत बसले. समोर नावांचा कागद, हातात पेन. पुस्तक टॉवेलातच मांडीवर. पहिल्या रांगेत सगळ्यात पुढं शालू बसली होती, कारण ती सगळ्यात बुटकी.

शालूपर्यंत पुस्तक पोचलंच नव्हतं. बाकीच्यांच्या खांद्यावरून तिनं सहाव्या प्रकरणाचं चित्र तेवढं पाहिलं होतं.

"सांग बाई, सहाव्या धड्यात काय झालं?"

"प्रकरणात," शालूनं दुरुस्ती केली. विचार करायला तेवढाच वेळ.

"तेच ते. काय झालं?"

"गाढव आलं."

"कुठं?"

"पुलावर."

"मंग?"

इथं चित्र संपलं. शालूनं छताकडे पाहिलं. "मंग पडलं."

"आरं बाप रे! कुठं?"

"खाली. पाण्यात. पाणी लई व्हतं." तिची नजर खिडकीतून बाहेर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "मंग जेसीबी आला!"

मच्छिंद्र ताठ बसला.

आबांना यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. मागच्याच पावसाळ्यात राधेश्यामची म्हैस विहिरीत पडली तेव्हा मच्छिंद्रच्याच जेसीबीनं वर काढली होती. जनावर पडतं, जेसीबी येतो. माल ओळखीचा होता.

"जेसीबी कोणी बोलावला?"

"पोरांनी. फोन लावून."

"मंग?"

"मंग पट्टा बांधून वर काढलं. मंग ड्रायव्हरचा सत्कार केला."

"शाल-नारळ?"

"फेटा पण!"

"बराबर," आबा म्हणाले आणि शालूच्या नावापुढे खूण केली. लक्षात राहावं म्हणून बाजूला 'जेसीबी' असं लिहिलं.

"लई चांगली कादंबरी हाय गं बाई," पुष्पाबाई दारातून म्हणाल्या.

मोंढ्यात पहिल्या पोत्यातला मूठभर दाणा नमुना म्हणून बाजूला ठेवतात आणि पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडून बघतात. आबांनी तेच केलं. शालू नमुना झाली. पुढच्यांना त्यांनी मधलेच प्रश्न टाकले. जेसीबी कोणत्या रंगाचा? पट्टा कुठं बांधला, पोटाला का मानेला? फेटा कोणी बांधला? ज्या चार लेकरांनी पुस्तक उघडलं नव्हतं ती धडाधड पास झाली. जेसीबीबद्दल आमच्या गावातलं कोणतंही लेकरू अर्धा तास बोलू शकतं.

अडचण झाली ती वाचलेल्यांची.

मिथुन उठला. त्यानं प्रकरण दोनदा वाचलं होतं. "आबा, जेसीबी आलाच न्हाई."

"मंग गाढव वर कसं निघालं?"

"ते पडलंच न्हाई."

"पडलंच न्हाई तर एवढा धडा कशाचा लिवला?"

मिथुन खाली बसला. नापास. त्याच्यामागून आणखी दोघं तसेच खरं बोलून नापास झाले.

प्रेमनं अर्धं प्रकरण वाचलं होतं. तो म्हणाला, "गाढव पुलाजवळ बसलं."

"बसलं का पडलं?"

प्रेमनं आबांच्या पेनाकडे पाहिलं, मग मच्छिंद्रकडे. "आधी बसलं, आबा. मंग बसल्या-बसल्या पडलं."

"बराबर."

रूपालीनं तर प्रकरण अख्खं वाचून त्यावर दोन ओळी वहीत उतरवून घेतल्या होत्या. पण तिनं तिघांना नापास होताना पाहिलं होतं. जेसीबीचा रंग विचारल्यावर ती खाली बघून म्हणाली, "पिवळा." पास. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं असं चारचौघांत सोडून देताना मोठी माणसं आवाज चढवतात. रूपालीनं तो निदान उतरवला.

दहा लेकरं झाली. सात पास, तीन नापास. जीपमध्ये एक जागा उरली. अकरावा नंबर आकांक्षाचा.

आबांनी नातीला सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी प्रश्न अवघड काढला. "गाढव जेसीबीनं काढलं तव्हा पट्टा व्हता, तर साखळी काहून न्हाई लावली?"

"आबा, सहाव्या प्रकरणात जेसीबी न्हाई."

"असं कसं न्हाई? सात जणांनी पाह्यला."

"पाह्यला असंल. वाचला न्हाई."

"ए आकांक्षे," मच्छिंद्र मधे पडला, "माही पोरगी खोटं बोलून राह्यली का मंग?"

"काका, मी तुमच्या जेसीबीला काई म्हणून न्हाई राह्यले. तो बाहेर हाय ना, खरा हाय. पुस्तकात न्हाई, एवढंच."

चहावाल्या पाचांपैकी एक जण हसला. आबा हसले नाहीत. सात जण एक बोलत असताना कोणी वेगळं बोललं तर माल त्याचाच खराब, हा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव. त्यांनी फुली मारायला पेन टेकवलं.

आकांक्षाकडे एक वाक्य तयार होतं. पुस्तक आठवडाभर माझ्यापाशी होतं, आबांनी ते उघडलंसुद्धा नाही. एवढं बोलली असती तर जीपमधली जागा तिथंच तिची झाली असती. ते वाक्य तिच्या ओठापर्यंत आलेलं पुष्पाबाईंनी पाहिलं, असं त्या नंतर सांगत होत्या. पण नऊ माणसं बसली होती, आणि त्यांतली कमीत कमी सहा माणसं ते वाक्य दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून वापरणारी होती. आकांक्षानं ते गिळलं.

"आबा," ती म्हणाली, "मला भाव पटला न्हाई."

आबांचं पेन थांबलं. मोंढ्यात माल आणणाऱ्यानं हे म्हटलं, की तपासणाऱ्याला पुढं काही लिहिता येत नाही. पोतं दोघांसमोर मोकळं करावं लागतं. या नियमावर आबांनी कितीतरी वेळा भल्याभल्या व्यापाऱ्यांना गप्प केलं होतं, आणि त्याची प्रत्येक हकिगत घरी जेवताना सांगितली होती. निदान चाळीस वेळा. आकांक्षा समोरच जेवायला असायची.

"पोतं उघडा," ती म्हणाली. "दोघांसमोर."

"माल तुहा हाय," आबा सावकाश म्हणाले. "तूच उघड."

तिनं आबांच्या मांडीवरचं गाठोडं घेतलं, टॉवेल सोडला आणि सहावं प्रकरण काढून वाचायला लागली.

संध्याकाळ होत आलेली. नदीला पूर आणि पाणी लाकडी पुलावरून वाहत असलेलं. पलीकडे दिवे दिसताहेत, तिथं घर. आणि गाढव पुलाच्या तोंडाशी चारही पाय रोवून उभं. थोरल्यानं दोरी ओढली. मधल्यानं शेपूट पिरगाळलं.

"शेपटाला हात लावू नको म्हणा त्याला," मच्छिंद्र म्हणाला, "लाथ घालतंय."

पुढच्याच ओळीत गाढवानं लाथ घातली.

"बघा!" मच्छिंद्र म्हणाला. जेसीबीचं नाव त्यानं त्यानंतर काढलं नाही.

पुष्पाबाई पळी घेऊन आत आल्या. "गूळ दाखवा की त्याला जरा." आकांक्षानं पान उलटलं. थोरला गूळ दाखवत होता. गाढवानं गूळ खाल्ला आणि जागचं हललं नाही. अंधार पडायला लागला. थोरल्यानं काठी उचलली. मागं खिचडी लागल्याचा वास येत होता, पण पुष्पाबाईंचं नाक त्या घडीला नदीकाठी होतं.

"'थांब दादा,' धाकटी म्हणाली," आकांक्षा वाचत होती. "ती गाढवाच्या मानेला टेकून वाकली आणि गाढव जिथं बघत होतं तिथं तिनं बघितलं. आणि..."

तिनं पानात बोट घालून पुस्तक मिटलं.

"आणि काय?" एकदम आवाज आला.

आवाज आबांचा होता.

वर्गातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मच्छिंद्र हळूहळू म्हणाला, "आबा... तुमाला म्हाईत न्हाई?"

"आबा मला विचारून राह्यलेत," आकांक्षा पटकन म्हणाली. "तपासणी हाय ना."

वाट चांगली होती. आबांनी नुसती मान हलवली असती तरी सुटले असते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला.

"न्हाई, मच्छिंद्र," ते म्हणाले. "मला म्हाईत न्हाई. म्या वाचलंच न्हाई ते."

आमच्या गावात एखाद्यानं चारचौघांत असं कबूल केल्याची नोंद ग्रामसभेच्या वहीत शोधून सापडणार नाही. चहावाले पाच जण इतके गोंधळले, की चहाचं विचारायचंही विसरले.

"मंग जेसीबी?" पुष्पाबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी शालूकडे पाहिलं. शालूनं खिडकीकडे बोट केलं. "तिकडं व्हता ना."

तेवढ्यात दीपमाला मॅडम आत आल्या. फोटो चढला होता, चेहरा समाधानी होता. त्यांनी आबांपुढचा कागद उचलला. सात नावांपुढे खुणा होत्या आणि बाजूला लिहिलं होतं: 'जेसीबी', 'पिवळा', 'पट्टा पोटाला', 'फेटा'. मॅडमनी कागद एकदा वाचला, मग दुसऱ्यांदा, मग उलटा करून मागं काही आहे का तेही पाहिलं.

"आबा, हे काय आहे?"

"मॅडम, नमुनाच खोटा घेतला म्या," आबा म्हणाले. "चूक माही हाय. लेकरांची न्हाई."

त्यांनी झालेलं सगळं सांगितलं, नमुन्यासकट. काही गाळलं नाही. मॅडम खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. हसू दाबताना आधार लागतो.

"मंग चिठ्ठ्याच टाका आता," मच्छिंद्र म्हणाला. "सगळ्यांनी ऐकून घेतलं. आता कोणालाबी विचारा, बराबर सांगतील."

मागच्या लेकरांनी टाळ्या वाजवल्या. आकांक्षाचा चेहरा उतरला. तीनदा वाचलं, वर सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि आता एकोणीस चिठ्ठ्यांतली एक चिठ्ठी. तिनं दोन्ही हातांनी पुस्तक घट्ट धरलं. बोट अजून पानातच होतं.

मॅडमचं लक्ष त्या बोटाकडे गेलं. "कुठपर्यंत वाचलंस तू?"

"धाकटी वाकून बघती तिथपर्यंत."

"पुढचं नाही?"

"न्हाई."

"मग चिठ्ठ्या कशाला?" मॅडम म्हणाल्या. "मी पुढचं विचारते. एकेकानं बाहेर व्हरांड्यात या. आणि हळू बोलायचं."

आकांक्षा पहिली गेली.

"गाढव का अडलं?"

"पुलाच्या मधल्या दोन फळ्या वाहून गेल्त्या. वरून पाणी व्हतं म्हणून पोरांना दिसलं न्हाई. गाढवाला कळलं व्हतं."

"मग पोरं काय करतात?"

"काईच न्हाई, मॅडम. रातभर त्याच्यापाशी बसतात. थोरला काठी नदीत टाकून देतो." ती थांबली. "आणि गाढवाची माफी न्हाई मागत. मला वाटलं मागतील. पण तो उरलेला सगळा गूळ त्याला देतो."

मॅडमनी कोऱ्या कागदावर तिचं नाव लिहिलं. पहिलं. आकांक्षानं ते उलट्या बाजूनं वाचून खात्री करून घेतली आणि मगच तिथून हलली.

मिथुन पास झाला. खरं बोलून नापास झालेले दोघंही झाले. रूपालीनं उत्तर बरोबर सांगितलं आणि न विचारता वर सांगितलं, की पिवळा म्हणाले ते चुकलं. प्रेम धाकटी वाकली तिथवर आला आणि अडला. त्यानं मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून पाहिलं, पण मॅडमच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. शालू आली ती हसतच.

"मला म्हाईत न्हाई, मॅडम. पण सांगू का?"

"नको."

"त्याच्यात ना, हेलिकॉप्टर..."

"शालू, जा."

मागच्या रांगेतले आणखी दोघं धरून शेवटी नावं सात झाली. आठव्या जागेसाठी खिचडीनंतर पुन्हा विचारायचं ठरलं, आणि तोवर ज्याला वाचायचं त्यानं वाचून घ्यावं, असं मॅडमनी सांगितलं. बारा लेकरं पुस्तकांवर तुटून पडली. दोन प्रतींभोवती चार-चार डोकी जमली. तिसरी प्रत आबांकडे होती. त्यांनी ती आकांक्षाकडून मागून घेतली होती आणि चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून भिंतीशी बसले होते. सुरुवात त्यांनी सहाव्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीपासून केली होती. मच्छिंद्र शेजारी येऊन टेकला होता.

आकांक्षा जरा करपलेल्या खिचडीचं ताट घेऊन समोरून चालली होती.

"आकांक्षे," आबांनी हळूच हाक मारली, "त्या धाकटीला काय दिसलं गं? तेवढंच सांग."

"वाचा ना, आबा," ती म्हणाली, आणि ताट घेऊन रूपालीजवळ जाऊन बसली. उद्या कोणतं पुस्तक घ्यायचं यावर त्या दोघींचं जोरात चाललं होतं.

शालू, प्रेम आणि आणखी दोघं आबांच्या खांद्यावरून वाकले होते. तासाभरात खिचडी संपली, घंटेची वेळ होत आली, आबा प्रकरणाच्या मध्यावर पोचले, पण तिथलं पान काही उलटेना.

"आबा, जल्दी करा ना," प्रेम म्हणाला. "आमाला पुढचं पान पाह्यजे."

"पुढं काय घाई हाय रे?" आबा बोट न उचलता म्हणाले. "धाकटी अजून वाकून राह्यली."